‘बंद केलं असंल ना गं?’

प्रश्न : माझे यजमान अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, मागांची देखरेख करतात. वय ४४. रात्री शेडचा मेन स्विच बंद करून येतात, जेवायला बसतात आणि अर्धी भाकरी ताटात टाकून पुन्हा गाडी काढतात. आता मोबाइलवर स्विचचा फोटो काढून आणतात, तर तो आजचा का कालचा, यात रात्र जाते. मला वीसदा विचारतात, ‘बंद केलं असंल ना गं?’ विसरायचा आजार लागला का? डोक्याचा फोटो काढावा का?
— एक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, कुठल्या मागावर काल काय बिघडलं, कामगारांपैकी कुणाची किती उचल बाकी आहे, हे त्यांना नीट आठवतं ना? मग प्रश्न बहुधा स्मरणशक्तीचा नाही. पत्रावरून निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलंय ते मंत्रचळातल्या, म्हणजे ओसीडीतल्या संशयासारखं आहे. त्यासाठी स्कॅन लागत नाही. समोर बसून बोलावं लागतं.

अशा माणसाला मी ‘स्विच बंद होता का?’ असं विचारत नाही. बंद करतानाचं सांगायला लावते. दांडी खाली ओढली, खट्ट झालं, पंखा हळूहळू थांबला... सगळं बारीकसारीक सांगतात. आणि मग म्हणतात, ‘पण पक्कं वाटत नाही, मॅडम.’ आठवण शाबूत असते, तिच्यावरचा भरवसा गेलेला असतो. मोजायचा असतो तो भरवसा.

ओसीडी किती तीव्र आहे हे मोजायला येल-ब्राउन ही १९८९ साली प्रसिद्ध झालेली मापनश्रेणी बहुतेक ठिकाणी वापरतात. १० प्रश्न, एकूण गुण ४०. संशयाचा प्रश्न तिच्यात वेगळा आहे, त्याचे गुण या ४० मध्ये धरत नाहीत. म्हणून नुसत्या आकड्यावर समाधान मानू नका, संशयाबद्दल सविस्तर विचारा, असं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

स्विचच्या फोटोचं म्हणाल, तर २००३ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी निरोगी विद्यार्थ्यांना संगणकावरची गॅस शेगडी पुन्हापुन्हा तपासायला लावली. आठवण चुकली नाही, पण ती अंधूक झाली आणि खात्री घटली. तपासण्यानंच संशय वाढतो. तुमचं विसावं ‘हो, केलंय’सुद्धा तपासणंच आहे.

तरी लगेच गप्प बसू नका, त्यांना तो अबोला वाटेल. किती वेळा उत्तर द्यायचं हे सायकॉलॉजिस्टसमोर दोघांनी मिळून ठरवा. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत दाखवा. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे. जाताना आठवडाभराची वही न्या : कितीदा परत गेले, किती फोटो काढले, जेवण किती वाजता झालं. ती वही त्यांनी स्वतः लिहिली तर फार बरं.