एकच अर्ज, तरी दोन कॉलेजांत आर्थिक गरज वेगळी कशी?

आपल्या मुलीची गरज अमेरिकेतील दोन कॉलेजांनी एकाच फाफ्सा अर्जावरून (अमेरिकी सरकारच्या विद्यार्थी आर्थिक मदतीचा अर्ज) निरनिराळी कशी काढली आणि यंदा गेलेली नोकरी त्या हिशेबात का दिसत नाही, असे आपण विचारले आहे. मी काही वर्षे एका विद्यापीठाच्या आर्थिक मदत कार्यालयात असे अर्ज तपासले आहेत.

येथे ‘गरज’ म्हणजे निव्वळ वजाबाकी. फी, राहणे-जेवण, पुस्तके, प्रवास असा त्या कॉलेजचा वर्षाचा खर्च धरून त्यातून ‘स्टुडंट एड इंडेक्स’ (अर्जातील माहितीवरून काढलेला, कुटुंबाची आर्थिक कुवत दाखवणारा आकडा) आणि बाहेरची शिष्यवृत्ती वजा करतात. इंडेक्स २०,००० असेल, तर ८०,००० डॉलर खर्चाच्या कॉलेजात गरज ६०,००० निघते आणि २८,००० खर्चाच्या कॉलेजात अवघी ८,०००. २०२४-२५ पूर्वी इंडेक्सच्या जागी असलेल्या आकड्याला ‘कुटुंबाचा अपेक्षित वाटा’ म्हणत. ते नाव फसवेच होते, कारण तेवढेच पैसे भरावे लागतील असे पालक धरून चालत, आणि गरज पूर्ण भागवण्याचे बंधन मात्र कॉलेजवर नसते.

इंडेक्समध्ये पालकांचे व विद्यार्थ्याचे उत्पन्न आणि बचत येते. राहते घर आणि निवृत्तीची खाती येत नाहीत. (‘सीएसएस प्रोफाइल’ हा आर्थिक माहितीचा वेगळा अर्ज मागणारी काही खासगी कॉलेजे मात्र घराची किंमतही विचारात घेतात.) बचत कोणाच्या नावावर आहे यानेही फरक पडतो: मुलीच्या खात्यातील १०,००० डॉलरमुळे इंडेक्स २,०००ने चढतो, तर तेच पैसे पालकांच्या खात्यात असतील तर फार तर ५६४ने. दोन भावंडे एकाच वेळी कॉलेजात असली की पूर्वी आकडा विभागला जाई. ती सवलत आता गेली आहे, आणि माझ्या मते मध्यमवर्गीय कुटुंबांना तेच सर्वाधिक जाचते.

नोकरीचे उत्तर तारखेत आहे. २०२६-२७ साठी २०२४ चे उत्पन्न पाहिले जाते, त्यामुळे यंदाची घट अर्जात येतच नाही. अशा वेळी मदत अधिकाऱ्याला कागदपत्रांच्या आधारे आकडे बदलण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे. नोकरी संपल्याचे पत्र, शेवटची पगारचिठ्ठी आणि या वर्षाच्या अपेक्षित उत्पन्नाचा एका पानाचा हिशेब जोडून फेरविचाराची मागणी करावी. हा निर्णय प्रत्येक कॉलेज स्वतंत्रपणे घेते व शिक्षण खात्याकडे त्यावर अपील नसते, म्हणून दोन्ही कार्यालयांना वेगवेगळे लिहावे.