गाडी पोराची, आरसी बापाची आणि आरटीओची नोटीस

प्रश्न: मी शिरपूरचा, वय २७. आमच्याकडे २०१९ ची पोलो आहे. आरसी बाबांच्या नावावर, पण चालवतो मीच. गाडीला फ्री-फ्लो (मोकळ्या, मोठ्या आवाजाचा) सायलेन्सर आणि कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉक) बसवलेत, मागचं सीट काढून रोल केज (आतून पाइपांचा सांगाडा) टाकलाय, रेसिंग स्टीअरिंग आहे, पांढऱ्या रंगावर राखाडी रॅप (चिकटवायची फिल्म) केलाय. ईसीयू रिमॅपही आहे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदललीय. नरडाण्याजवळ आरटीओच्या भरारी पथकाने अडवून चलान केलं. आता गाडीची नोंदणी निलंबित का करू नये, अशी नोटीस बाबांच्या नावाने आली आहे. मध्य प्रदेशात पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राच्या ट्रॅकवर आमच्या ग्रुपचा दिवस ठरलाय. रस्त्यावर कायदेशीर आणि ट्रॅकला तयार अशी एकच गाडी ठेवता येते का? इन्स्टावर टाकलेल्या हायवेच्या रील्स डिलीट करू का? गाडी मन्ही शे, पन नाव बापनं शे.

उत्तर: तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण खरी अडचण तिथे आहे. हौस कोणाची आणि पैसे कोणी घातले, याच्याशी मोटार वाहन कायद्याला देणंघेणं नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२अ(४) मालकाला धरतं. परवानगी नसलेला बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट वाचा आणि स्वतःची यादी मोजा. बदल बाबांनी केलेच नाहीत, मुलाने परस्पर केले, असा बचाव कोर्टात मांडता येईल. पण त्याच्या भरवशावर राहू नका, कारण नोंदणी निलंबित करताना बदल कोणाच्या हाताने झाला हे कोणी विचारत नाही.

गाडी घाईघाईने स्वतःच्या नावावर करून घेण्याचा विचार डोक्यात आला असेल, तर तूर्त थांबा. चलानच्या दिवशी मालक कोण होतं, तेच बघितलं जातं. गाडी पूर्ववत झाली, नोटीस निकाली निघाली की मग फॉर्म २९ आणि ३० भरा, विमाही नावावर करून घ्या. ते करायलाच हवं, पण नंतर.

आता एकच गाडी दोन्हीकडे चालेल का? चालेल, पण तुम्ही बांधलीत तशी नाही. ‘ट्रॅक कार, रस्त्यावर चालवायला मंजूर’ असा वेगळा वर्ग आपल्या कायद्यात नाही. कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. सीएनजी किटसारखे अपवाद कायद्यानेच दिलेत. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आरटीओ विरुद्ध के. जयचंद्र या प्रकरणात हे कलम कडक वाचलं आणि केरळ उच्च न्यायालयाने दिलेली मोकळीक काढून घेतली. मात्र याच कलमाच्या स्पष्टीकरणात ‘बदल’ म्हणजे काय तेही लिहिलंय: वाहनाच्या रचनेतला असा फेरफार, ज्यामुळे त्याचं मूलभूत स्वरूप बदलतं. तुमच्या उत्तराला जी काही जागा आहे, ती या ओळीत आहे.

ती जागा सगळ्या सामानाला पुरत नाही. रोल केजसाठी तर अजिबात नाही. आरसीवर आसनक्षमता पाच लिहिलेली आणि गाडीत दोनच सीटं, ही विसंगती दाखवायला इन्स्पेक्टरला पुस्तक उघडावं लागत नाही. शिवाय कायदा बाजूला ठेवून सांगते: केजचा पाइप हेल्मेट घातलेल्या डोक्यासाठी असतो. शिरपूरच्या बाजारात उघड्या डोक्याने फिरताना कोणी मागून ठोकलं, तर तोच पाइप कवटी फोडेल. केज बोल्टचा असेल तर काढा, भोकं नीट बुजवा, सीट परत लावा. वेल्डिंग केलं असेल तर कापल्यावर चांगल्या बॉडी शॉपकडून दुरुस्ती आणि बिल, दोन्ही घ्या. रेसिंग स्टीअरिंगसोबत ड्रायव्हरची एअरबॅग गेली. त्याचं समर्थन मी कोणत्याही अधिकाऱ्यापुढे करणार नाही.

सायलेन्सरचा मामला वेगळा आहे आणि तो तुमच्या अंगाशी येणारा आहे. आवाज आणि धुराच्या मानकांचा भंग कलम १९०(२) मध्ये येतो: पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वर लायसन्स तीन महिन्यांसाठी अपात्र. हे लायसन्स बाबांचं नाही, चालवणाऱ्याचं, म्हणजे तुमचं. रिमॅप करताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) काढला असेल तर तोही यातच मोजला जाईल. ‘पीयूसी पास आहे’ हे उत्तर देऊ नका. पीयूसी त्या दिवशीचा धूर मोजते, बदलांना मंजुरी देत नाही.

कॉइलओव्हरबाबत मात्र लढता येतं. स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर झिजणारे, बदलले जाणारे भाग आहेत, आरसीवर त्यांची नोंद नसते. उंची कंपनीच्या मापाजवळ आणा, टायर फेंडरबाहेर (मडगार्डबाहेर) येत नाहीत हे फोटोत दाखवा, मग ‘रचना बदलली नाही’ हे म्हणणं मांडा. मान्य होईलच असं वचन देत नाही. रॅपचं सोपं आहे: सोलून टाका, किंवा रंगबदलाचा रीतसर अर्ज करून आरसीवर नोंद करून घ्या.

तुमच्या एवढ्या मोठ्या यादीत ब्रेकचा शब्द नाही, याचं मला नवल वाटलं. ट्रॅकवर पहिल्यांदा दम सोडतात ते ब्रेक. चांगले पॅड, ताजं डॉट ४ ब्रेक ऑइल, नवा कूलंट, नीट अलाइनमेंट: यातल्या एकाही गोष्टीने आरसीवरचा शब्द बदलत नाही आणि गाडी खरोखर ट्रॅकला तयार होते. सेमी-स्लिक (कमी नक्षीचे, ट्रॅकचे) टायर मागचं सीट आडवं पाडून त्यावर घालून न्या आणि तिथे पोचल्यावर चढवा. रस्त्यावर कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर लागते, हे येतानाही लक्षात असू द्या. चार-पॉइंट हार्नेस (चार जागी अडकवायचा रेसिंग पट्टा) ट्रॅकवर वापरायचा असेल तर वापरा, पण मूळ बेल्ट काढू नका. केजशिवाय करमतच नसेल, तर ती गाडी फक्त ट्रॅकची समजा आणि फ्लॅटबेडवर (गाडी वाहून नेणाऱ्या ट्रकवर) न्या. पळासनेर ओलांडून बिजासन घाट चढलात की मध्य प्रदेश लागतो, पण कायदा तोच.

नोटिशीचं उत्तर बाबांच्या सहीने आणि नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत गेलं पाहिजे. ती कलम ५३ खालची दिसते. त्यात म्हणणं मांडण्याची संधी देणं बंधनकारक आहे, आणि या कारणावरचं निलंबन दोष दूर होईपर्यंतचंच असतं. म्हणून सगळं नाकारत बसू नका. काय काढलं, कधी काढलं, बिल कुठलं, आधीचे-नंतरचे फोटो, नवी पीयूसी, हे सगळं जोडा आणि गाडी तपासणीला हजर करायची तयारी लेखी कळवा. धुळ्याच्या कार्यालयात उत्तर दिल्याची पोच घ्यायला विसरू नका. एवढं करूनही आदेश विरोधात गेला तर कलम ५७ खाली ३० दिवसांत अपील आहे. चलान तडजोडीने भरता येईल, पण त्याने नोटीस आपोआप मिटत नाही आणि पुढच्या वेळी ‘दुसरा गुन्हा’ मोजताना हा पहिला धरला जातो.

विम्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, मला मात्र त्याचीच जास्त धास्ती वाटते. पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात: संघटित शर्यत, पेस मेकिंग (शर्यतीत पुढे राहून वेग ठरवून देणं), वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या भरवशाची चाचणी) यांना संरक्षण नाही. म्हणजे ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर खर्च पूर्ण तुमचा. ‘शर्यत नव्हती, नुसता ट्रॅक डे होता’ यावर वाद घालता येईल, पण तो घालायला वर्षं जातील. येता-जाता अपघात झाला तर पॉलिसी लागू आहे, मात्र न कळवलेले बदल दाखवून कंपनी दावा अडवेल. पॉलिसीच्या अटींचा भंग असला तरी दावा सरसकट न फेटाळता ७५ टक्क्यांपर्यंत द्यावा, अशी वाट अमलेंदू साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दाखवली. ती ट्रक-टॅक्सीच्या वादांत अनेकांना उपयोगी पडली आहे. रेसिंग स्टीअरिंगवाल्याला किती पडेल, सांगता येत नाही.

याहून वाईट म्हणजे तिसऱ्या माणसाला इजा झाली तर. शर्यत किंवा वेगचाचणीसाठी वापर हा बचाव कंपनीला कलम १५० मध्येच दिलेला आहे. अशा वेळी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण बऱ्याचदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि नंतर ती मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. मालक म्हणजे पुन्हा बाबाच. त्यांच्या नावावर शेत असेल, तर वसुली कुठे पोचते ते तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे विमा कंपनीला ठेवलेले बदल लेखी कळवा, ट्रॅकच्या दिवसासाठी वेगळं संरक्षण देता का तेही लेखीच विचारा. आयोजक सही करायला देतील ते हमीपत्र पूर्ण वाचा. ट्रॅकचं नुकसान तुमच्या माथी आहे का, ते बघा. शेजारच्या सीटवर मित्राला बसवणार असाल तर तुमची सही त्याला बांधत नाही, हेही ध्यानात ठेवा.

राहिल्या रील्स. सार्वजनिक रस्त्यावर सरकारच्या लेखी संमतीशिवाय शर्यत किंवा वेगाची चाचणी, हा कलम १८९ चा स्वतंत्र गुन्हा आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सोबत बेदरकार चालवण्याचं भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ लागू शकतं. पण आता डिलीट करू नका. पुरावा म्हणून मागवला जाईल असं इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड नष्ट करणं हा त्याच संहितेच्या कलम २४१ मध्ये गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते. नवीन काही टाकू नका, त्या रील्सखाली कोणाला उत्तरं देऊ नका. धुळ्याला किंवा शिरपूर कोर्टात काम करणाऱ्या वकिलाला नोटीस, चलान, पॉलिसी आणि फोन असं चारही घेऊन याच आठवड्यात भेटा. जाताना बाबांना सोबत न्या.