जेट इंजिनाचा शाफ्ट जाड केला की व्हायब्रेशनचा प्रश्न मिटत नाही का?

शाफ्ट जाड केला की तो ताठ होतो, हा तुमचा हिशेब चुकलेला नाही. भरीव शाफ्टचा व्यास दुप्पट केला तर ताठपणा सोळा पट होतो, आणि वजन मुख्यतः चकत्यांचं (पाती बसवलेल्या डिस्कचं) असेल तर क्रिटिकल स्पीड, म्हणजे ज्या वेगाला हादरा एकदम वाढतो तो, साधारण चौपट. पण जागा कुठाय? ट्विन स्पूल इंजिनात, म्हणजे एकात एक दोन रोटर असलेल्या इंजिनात, पंख्याचा लांबलचक शाफ्ट हाय प्रेशर रोटरच्या पोटातून जातो. तो जाड करायचा तर त्या रोटरच्या चकत्यांची भोकं वाढवावी लागतात, आणि त्या आधीच ताणाच्या टोकाला असतात. म्हणून शाफ्ट पोकळ ठेवतात. आतला व्यास बाहेरच्याच्या निम्मा धरला तर वजन 25 टक्के उतरतं, ताठपणा मात्र जेमतेम 6 टक्के जातो.

एवढं करूनही एखादा क्रिटिकल चालण्याच्या वेगाखाली उरतोच. मग तो ओलांडायचा. 1869 मध्ये स्कॉटिश अभियंता रँकिनने हे होणारच नाही असं मांडलं होतं. पुढे दे लाव्हालने (दुधातली साय काढायच्या सेपरेटरवाला, तोच) मुद्दाम बारीक, लवचीक शाफ्ट घालून वाफेची टर्बाइन 30,000 आरपीएमला पळवली. क्रिटिकलच्या पलीकडे रोटर स्वतःच्या वस्तुमानकेंद्राभोवती फिरू लागतो आणि हादरा उतरतो.

हे बघायचं असेल तर सांगली भागातल्या एखाद्या साखर कारखान्याच्या कोजनला (उसाच्या चिपाडावर वीज करणाऱ्या प्लांटला) हंगामाच्या तोंडावर या. मी अशाच एका ठिकाणी टर्बाइनवर असतो. वॉर्मिंग (टर्बाइन हळूहळू गरम करणं) झालं की स्पीड चढवतो. पॅनेलवरचे व्हायब्रेशनचे 15-20 मायक्रॉन बघता बघता 50 च्या पुढे जातात आणि तितक्याच झटक्यात खाली येतात. त्या पट्ट्यात थांबायचं नाही, हा पहिला नियम. नवीन पोरगा तिथेच घाबरून हात आखडतो.

इंजिनात त्या घटकेला सांभाळतो तो स्क्वीझ फिल्म डँपर: बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगभोवती दशांश मिलिमीटरच्या आसपासची फट, तीत तेल. शाफ्ट हलला की तेल चेपलं जातं आणि हादऱ्यातली ऊर्जा जिरते. बॅलन्सिंगला पर्याय नाहीच. 100 मिमी त्रिज्येवर 1 ग्रॅम जास्त असेल तर 3,000 आरपीएमला ओढ सुमारे 1 किलोची, 12,000 ला 16 किलोची.

प्रोजेक्टमध्ये कॅम्पबेल आकृती (क्रिटिकल कुठल्या वेगाला येतात ते दाखवणारा आलेख) काढाल तेव्हा बेअरिंगचा ताठपणा अनंत धरू नका. तसा काढलेला क्रिटिकल खऱ्यापेक्षा वर येतो, आणि कागदावर सुरक्षित दिसणारा वेग नेमका खऱ्या क्रिटिकलवरच बसतो.