शील्ड 8 सेकंदांचं 5 केलं आणि प्लेयर्स तुटून पडले

प्रश्न: मी कॉम्प्युटरच्या थर्ड इयरला आहे. आम्ही तिघांनी मिळून एक छोटा ऑनलाइन शूटर गेम काढलाय. शील्ड, म्हणजे थोडा वेळ गोळ्यांपासून वाचवणारं कवच, फारच स्ट्राँग झालं होतं म्हणून 8 सेकंदांवरून 5 वर आणलं, तर लोक शिव्या घालतायत, वन स्टार देतायत. पार्टनर म्हणतो जुनं परत कर, मला वाटतं बदल बरोबर आहे. ऐकायचं कोणाचं? आणि एवढं मनाला लागत असेल तर गेम डिझाइनमध्ये करिअर करावं का?

उत्तर: तू पत्रासोबत पाठवलेल्या चाळीस कमेंट नीट बसून वाचल्या. शिव्या बाजूला काढल्या, नुसतं "जुनं परत करा" म्हणणारे काढले, उरल्या नऊ, आणि त्यातल्या सहा जणांनी एकच शब्द वापरलाय, "अचानक". शील्ड अचानक गेलं, अचानक मेलो. अरे, 8 सेकंदांची हाताला सवय झालेली आणि शील्ड संपताना ना आवाज ना ब्लिंक, मग माणूस बिनधास्त उघड्यावर उभा राहणार आणि मरणारच ना! आधी शेवटच्या सेकंदाला एक आवाज टाक, मग मॅचच्या लॉगमध्ये, म्हणजे गेमने साठवलेल्या नोंदींमध्ये, बघ की शील्ड गेल्यावर लगेच किती जण मरतात, ते कमी झालं तर 5 ला हात लावायची गरजच नाही.

दुखतंय कुठे हे प्लेयरला बरोबर कळतं, औषध मात्र तो कुठलंही सांगतो, ते शोधायचं काम आपलं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम 2004 ला आला, त्याच्या टेस्टिंगमध्ये खूप वेळ खेळलं की एक्सपीरियन्स पॉइंट, म्हणजे लेव्हल वाढवणारे गुण, निम्मे मिळायचे. लोक भडकले, आम्हाला शिक्षा का म्हणून. मग डिझायनर्सनी तेच गणित उलटं मांडलं, विश्रांती घेऊन आलात तर दुप्पट, नंतर नेहमीसारखे, आणि तक्रार थंडावली. मला हे उदाहरण फार आवडतं कारण इथे प्लेयर्सही बरोबर होते आणि डिझाइनही बऱ्यापैकी तसंच राहिलं.

सगळं मतदानावर सोडायचं म्हणशील तर तेही करून बघितलंय लोकांनी. ओल्ड स्कूल रूनस्केप हा ऑनलाइन गेम 2013 मध्ये सुरू झाला, त्यात नवीन काही आणायचं तर 75 टक्के मतं लागायची, पुढे ती अट 70 वर आली. जुन्या प्लेयर्सचा विश्वास टिकतो हे खरं, पण मत देतो तो अजून खेळणारा, कंटाळून गेम डिलीट केलेला माणूस मतदानाला येत नाही, त्याची बाजू तुला डेटातूनच काढावी लागते.

उत्तर कसं देतोस हेही डिझाइनइतकंच महत्त्वाचं. 2017 मध्ये स्टार वॉर्स बॅटलफ्रंट 2 या गेममधले हीरो अनलॉक करायला फार वेळ लागतो अशी ओरड झाली, त्यावर कंपनीने रेडिटवर लिहिलं की मेहनतीने मिळवल्याचा अभिमान वाटावा म्हणून तसं ठेवलंय. त्या एका कमेंटला 6 लाखांहून जास्त डाऊनव्होट, म्हणजे नापसंतीची मतं, पडले, आणि शेवटी खेळून मिळवलेल्या क्रेडिटमध्ये मोजायची हीरोंची किंमत 75 टक्के कमी करावी लागलीच. तुझं उत्तरही मी वाचलं, "गेमचा बॅलन्स समजून घ्या" असं लिहिलंयस, ते आधी काढ. त्याऐवजी सरळ लिही की शील्डमुळे मॅच लांबत होत्या म्हणून कमी केलं, संपताना कळत नाही ही चूक आमची, आवाज टाकतोय, दोन आठवड्यांनी परत आकडे बघू. आणि खरंच बघा हं, नाहीतर पुढच्या वेळी कोणी विश्वास ठेवणार नाही.

करिअरचं म्हणशील तर मनाला लागतं म्हणून सोडू नकोस, ज्यांना काहीच लागत नाही ते कमेंट वाचतच नाहीत. फक्त तिघांनी पाळ्या लावून वाचा, रात्री झोपताना अजिबात नको. या कामाच्या वेगळ्या पोस्ट असतात, प्लेयर्सशी बोलणारा कम्युनिटी मॅनेजर, चालू गेम सांभाळणारे लाइव्ह ऑप्स, प्लेयर्स कसे खेळतात ते तपासणारे युजर रिसर्च, बॅलन्स बघणारा सिस्टीम डिझायनर. तुला आकड्यांचा कंटाळा नाही हे पत्रावरून दिसतंय, मी तुझ्या जागी असतो तर सिस्टीम डिझाइनकडे बघितलं असतं. पोर्टफोलिओत नुसता गेम टाकू नकोस, हा शील्डचा किस्साच दोन पानांत लिही, काय बदललं, लोक काय म्हणाले, तुम्ही काय समजलात, कुठे चुकलात, नंतर आकडे कसे हलले. इंटरव्ह्यूत याच्यावरच अर्धा तास जाईल.

आवाज टाकल्यावरचे आकडे आले की मलाही पाठव, उत्सुकता आहे.