वाचक विचारतात : योटुनहाइममध्ये सहा दिवस

प्रश्न : ऑगस्टमध्ये आम्ही चौघं नॉर्वेतल्या योटुनहाइम या डोंगराळ भागात जातोय. येंदेसहाइम, मेमुरुबू, येंदेबू, लेइरवासबू, स्पिटरस्टूलेन, ग्लिटरहाइम आणि परत येंदेसहाइम असा फेरा आखलाय. म्हणजे पहिल्याच दिवशी बेसेग्गेनची धार. जमेल ना? (पुणे)

उत्तर : हट, म्हणजे डोंगरातली मुक्कामाची घरं, बरोबर निवडलेत, फक्त फेरा उलटा करा. येंदेसहाइमहून निघालात तर बेसेग्गेनची अरुंद धार तुम्हाला उतरावी लागेल. मेमुरुबूहून आलात तर तीच चढायची. दोन्ही हात लावायला लागणारा कातळ पाठीवर सॅक घेऊन उतरणं काय असतं, हे नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड उतरलेल्यांना वेगळं सांगायला नको. येंदेबूजवळचा बुक्केलेग्रेचा उभा टप्पाही तसाच, काही जागी साखळ्या लावलेल्या. उलट फेऱ्यात तोही चढायचा येतो.

म्हणून पहिल्या दिवशी येंदेसहाइम ते ग्लिटरहाइम. हा फेऱ्यातला सर्वांत लांब पल्ला, साधारण 22 किलोमीटर, त्यामुळे आदल्या रात्री येंदेसहाइमलाच मुक्काम हवा. दुसऱ्या दिवशी स्पिटरस्टूलेन : हवा स्वच्छ असेल तर ग्लिटरटिंड शिखरावरून, नाहीतर शिखर टाळणाऱ्या खालच्या वाटेने. मग लेइरवासबू, येंदेबू, मेमुरुबू, आणि शेवटी बेसेग्गेन. याचा मोठा फायदा म्हणजे शेवटचे दोन्ही दिवस येंदे तलावालगतच्या डोंगरावरून जातात आणि तलावात बोट चालते. वारा सुटला किंवा कुणाचा गुडघा दुखायला लागला, तर येंदेबू किंवा मेमुरुबूहून बोटीत बसून येंदेसहाइम गाठता येतं. तुमच्या आखणीत ही सोय सुरुवातीलाच संपते आणि दमलेले पाय शेवटच्या दिवशी 22 किलोमीटर चालतात.

वाट चुकण्याची भीती फार नको. दगडांच्या ढिगांवर लाल रंगात इंग्रजी टी रंगवलेला असतो. धुक्यात मात्र एक टी दिसत असताना पुढचा दिसेपर्यंत सगळ्यांनी हलायचं नाही. एकाने पुढे जाऊन शोधावा आणि हाक मारावी. पाट्यांवरच्या तासांत थांबे धरलेले नसतात. सहा तास लिहिलं असेल तर तुमचे आठ धरा.

प्रश्न : स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, तंबू यांतलं काय न्यायचं? सॅक 14 किलोची झालीय. (ठाणे)

उत्तर : तिन्ही घरी ठेवा. हटमध्ये गादी, उशी, पांघरूण मिळतं. आपली फक्त चादरीची पिशवी, म्हणजे स्लीपिंग बॅग लायनर, हवी. गॅसची नळकांडी तशीही विमानात चालत नाहीत. सॅक आठ-नऊ किलोंवर आली पाहिजे.

वाचवलेलं वजन दोन गोष्टींवर खर्च करा : लोकरीचा आतला पोशाख आणि पावसाची पँट-जॅकेट. इथला पोंचो तिथे निरुपयोगी. वाऱ्यात तो डोक्यावर येतो आणि धारेवर पायाखालचं दिसत नाही. सॅकचं कव्हरही उडतं, म्हणून सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून सगळं सामान तिच्यात भरा. सुती टी-शर्ट आणि जीन्स अजिबात नको. सह्याद्रीत भिजलो तरी चालत राहिलं की ऊब येते. तिथे ऑगस्टमध्येही पाच अंश आणि वारा असू शकतो, आणि ओला सुती कपडा अंगातली ऊब शोषत राहतो. हटमध्ये कपडे वाळवायची गरम खोली असते, तेव्हा प्रत्येकी दोन जोड पुरे : एक चालायचा, एक कोरडा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. जेवणाचं काय? (नाशिक)

उत्तर : वर सांगितलेल्या फेऱ्यातल्या सगळ्या हटमध्ये कर्मचारी असतात आणि रात्रीचं जेवण ठरलेल्या वेळी सगळ्यांना एकत्र वाढतात. शाकाहारी आहोत हे बुकिंग करतानाच लिहा, पोहोचल्यावर पुन्हा सांगा. सकाळच्या न्याहारीतून दुपारचे सँडविच स्वतः बांधून घ्यायची आणि थर्मास भरून घ्यायची पद्धत आहे.

वाट वाकडी करून ओलाव्सबूला गेलात तर प्रकार वेगळा. ती सेल्फ-सर्व्हिस हट. अशा बऱ्याच हटना डीएनटी या ट्रेकिंग संघटनेची किल्ली लागते आणि ती सभासदांनाच मिळते. परदेशी माणसालाही सभासद होता येतं. आत गेल्यावर वहीत नाव आणि पुढचा मुक्काम लिहायचा, झऱ्यावरून पाणी आणायचं, शेगडी पेटवायची. कोठीतून डबे घ्यायचे, घेतलं त्याचा हिशोब आपणच लिहून पैसे भरायचे. डब्यांवर नॉर्वेजियनमध्ये लिहिलेलं असतं, त्यामुळे फोनमध्ये ऑफलाइन भाषांतर हवं. लॅपस्काउस म्हणजे मांसाचा रस्सा, एवढं तरी लक्षात ठेवा. ओट्स, भात, पास्ता बहुधा असतोच. सोबत मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी न्या. तूप, पेढे, बर्फी नको, भारतातून दुधाचे पदार्थ न्यायला नॉर्वेत बंदी आहे.

प्रश्न : पाच वर्षांपूर्वीचे ट्रेकिंगचे बूट फारसे वापरलेले नाहीत. तेच चालतील? (रत्नागिरी)

उत्तर : न वापरलेले, हीच अडचण. बऱ्याच बुटांच्या तळव्यातला मधला थर पॉलियुरेथेनचा असतो आणि तो दमट हवेत नुसता पडून राहिला तरी आतून विरतो. वरून बूट नवाकोरा दिसतो आणि तिसऱ्या दिवशी सोल जिभेसारखा लोंबायला लागतो. आत्ताच टाच अंगठ्याने जोरात दाबून पाहा. भेगा पडल्या किंवा भुगा निघाला तर तो जोड टाकून द्या. ठीक वाटला तरी निघण्याआधी भरल्या सॅकसह दोन-तीन मोठे ट्रेक करा. आणि तिथे भिजलेला बूट शेगडीला टेकवू नका, गोंद सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला.