एलएम३१७ काढून आयआरएफ५४० लावल्यावर संध्याकाळीच गुणगुण का येते?

आपण लिहिले आहे की, क्लास-ए हेडफोन अँप्लिफायरच्या १५ व्होल्ट, ०.५ अँपिअर सप्लायमधून एलएम३१७ ही व्होल्टेज स्थिर ठेवणारी तयार चिप काढून आपण ऑपअँप (दोन व्होल्टेजमधील फरक मोठा करणारी चिप) आणि आयआरएफ५४० हा एन-चॅनल मॉसफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) यांचा रेग्युलेटर बांधला, तो दिवसभर शांत असतो, पण संध्याकाळी गुणगुण ऐकू येते. माझ्या मते आपला मॉसफेट निर्दोष आहे. त्याच्या गेटला, म्हणजे प्रवाह नियंत्रित करणाऱ्या पायाला, पुरेसे व्होल्टेज मिळत नाही.

हिशोब करून पाहू. सोर्स, म्हणजे आउटपुटकडचा पाय, १५ व्होल्टवर असताना अर्धा अँपिअर वाहण्यासाठी गेट त्याच्या सुमारे ४ व्होल्ट वर, म्हणजे १९ व्होल्टवर असावे लागते, आणि सर्वसाधारण ऑपअँपचे आउटपुट त्याच्या स्वतःच्या सप्लायच्या दीड-दोन व्होल्ट खालीच अडते. म्हणून ऑपअँपला किमान साडेवीस ते एकवीस व्होल्ट हवेत. आपल्या १८ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमधून, ब्रिजमधील (एसीचे डीसी करणाऱ्या डायोडांमधील) घट वजा जाता, २३० व्होल्ट मेन्सवर सुमारे २४ व्होल्ट मिळतात. ४७०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर १०० हर्ट्झचा रिपल, म्हणजे व्होल्टेजचा चढउतार, साधारण १ व्होल्ट असतो, तेव्हा त्याचा तळ २३ व्होल्टच्या आसपास राहतो आणि काम भागते. संध्याकाळी मेन्स २०० व्होल्टवर उतरले की हाच तळ साडेएकोणीसपर्यंत येतो. त्या क्षणी ऑपअँप गेटला हवे तेवढे वर नेऊ शकत नाही आणि रिपल थेट आउटपुटवर उतरतो.

पी-चॅनल मॉसफेट वापरला तर ही अडचण टळते, परंतु त्या रचनेत लूपचे (आउटपुट तपासून गेट दुरुस्त करणाऱ्या साखळीचे) स्थैर्य आउटपुटच्या कपॅसिटरवर आणि त्याच्या अंतर्गत रोधावर फार अवलंबून राहते, म्हणून ऑसिलोस्कोप हाताशी नसताना मी तो मार्ग सुचवणार नाही. एन-चॅनलच ठेवावा आणि ऑपअँपला वेगळा, उंच सप्लाय द्यावा. ट्रान्सफॉर्मरच्या त्याच सेकंडरीवरून दोन कपॅसिटर व दोन डायोड यांचा व्होल्टेज डबलर काढून तो रोध आणि झीनरने (ठरावीक व्होल्टेज धरणाऱ्या डायोडने) ३० व्होल्टवर बांधला की पुरे, कारण तेथे काही मिलिअँपिअरच लागतात. मात्र आउटपुट शॉर्ट झाल्यास गेट आणि सोर्समधील अंतर २० व्होल्टची मर्यादा ओलांडेल, म्हणून त्या दोहोंमध्ये १२ व्होल्टचा झीनर अवश्य लावावा. गेटच्या पायाला अगदी चिकटून १०० ते २२० ओहमचा रोधही हवा. तो नसला तर काही मेगाहर्ट्झचे दोलन सुरू होऊ शकते, जे कानाला थेट ऐकू येत नाही आणि म्हणूनच शोधायला सर्वांत अवघड जाते.

उष्णतेची बाजू सोपी आहे. मेन्स २५० व्होल्ट असताना मॉसफेटमध्ये सुमारे सव्वापाच वॅट जळतील, तेव्हा ४ अंश प्रति वॅटचा हीटसिंक चालेल. मात्र स्विचिंगसाठी बनवलेले नवे मॉसफेट रेषीय वापरात एका ठिकाणी तापून निकामी होऊ शकतात. डेटाशीटमधील सुरक्षित क्षेत्राच्या आलेखात डीसीची रेषा दिलेली नसेल, तर तो भाग घेऊ नये.

शेवटी, संदर्भ झीनरचा (ज्याच्या व्होल्टेजशी ऑपअँप आउटपुट ताडून पाहतो त्याचा) स्वतःचा नॉइजही लूप आउटपुटवर वाढवून आणतो. त्याच्या पुढे १० किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरडचा फिल्टर लावूनच तो ऑपअँपला द्यावा. सप्लाय चालू केल्यावर आउटपुट १५ व्होल्टवर पोहोचायला त्यामुळे काही सेकंद लागतील.