येरवड्याहून सुटलो, माझं मत गेलं का?

प्रश्न: ताई, मारामारीच्या केसमध्ये मला सात वर्षांची सजा झाली. गेल्या दिवाळीआधी येरवड्याहून सुटून दत्तवाडीला घरी आलो. मुलीचं नाव नुकतंच मतदार यादीत लागलं. ती म्हणते, बाबा, मतदानाला बरोबर जाऊ. अमेरिकेतला भाचा सांगतो, सजा झालेल्याला हक्क परत मागून घ्यावा लागतो. मी अर्ज कुणाकडे करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर: दादा, कुणाकडेच नाही. येरवड्याच्या फाटकाबाहेर पाऊल टाकलंत, तेव्हाच तुमची बंदी संपली. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधलं कलम ६२(५) अडवतं ते तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत असलेल्यालाच. त्यात शिक्षा न झालेले कच्चे कैदीही येतात, जामिनाला पैसे नाहीत म्हणून आत राहिलेले. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हे कलम कायम ठेवलं. मला ते आजही पटत नाही.

भाच्याचंही खोटं नाही. तिकडे राज्याराज्याचा नियम वेगळा. व्हर्जिनियात गव्हर्नरने हक्क परत द्यावा लागतो, तर मेन आणि व्हरमाँटमध्ये कैदी तुरुंगातूनही मत देतात.

तुम्ही यादी तेवढी तपासा. कैदेमुळे नाव काढता येत नाही, हे २०१३ पासून कायद्यातच लिहिलंय. पण चौकशीला आलेल्याला शेजाऱ्यांनी ‘ते इथे राहत नाहीत’ असं सांगितलं असेल, तर नाव गळलेलं असू शकतं. १९५० वर फोन करून विचारा. नाव नसेल तर फॉर्म ६ भरा.

एका अशिलाबरोबर मी नोंदणीच्या टेबलाशी गेले होते. त्यांनी पिशवीतून आधी सुटकेचा दाखला काढला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, घडीवर विरलेला. टेबलावरच्या बाई म्हणाल्या, “हा नको काका, लाइटबिल द्या.” काका दाखला हातात धरून तसेच उभे राहिले. फॉर्म ६ मध्ये शिक्षेचा रकानाच नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

निवडणुकीतल्या लाच, तोतयेगिरीसारख्या गुन्ह्यांना सहा वर्षांची बंदी असते. तुमचं प्रकरण त्यातलं नाही. स्वतः उभं राहायचं असेल, तर मात्र सुटकेपासून सहा वर्षं थांबावं लागेल.

उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरतं नवं नाव लागत नाही. म्हणून याच आठवड्यात बघा. मुलीचं नाव यादीच्या ज्या भागात आहे, तिथूनच शोधायला लागा.